मुलंबाळं घेऊन युगांडात सेवेला निघताय? घर मांडण्यापासून दत्तकापर्यंत

चर्चच्या मंडळीतलं एखादं तरुण जोडपं निघण्याआधी आमच्याकडे येतं, चहा होतो, प्रार्थना होते आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "ताई, तिकडे एखादं अनाथ मूल घेता येईल का?" मी उलट विचारते, "पिवळ्या तापाची लस झाली का?" ते जरा हिरमुसतात. पण क्रम तोच आहे. आधी लस, मग घर, मग भाषा. दत्तकाचा विषय फार पुढचा, आणि पुष्कळांच्या बाबतीत तो यायलाही नको.

आम्ही ११ वर्षं मुकोनोच्या बाजूला राहिलो. कंपालाहून जिंजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. नवरा शाळेत गणित शिकवायचा, मी मंडळीतल्या बायकांबरोबर काम करायचे. दोन मुलगे इथून घेऊन गेलो, मुलगी तिथल्या कोर्टाच्या हुकुमाने आमची झाली. पुढचं सगळं युगांडाबद्दल आहे. आफ्रिका म्हणजे एक देश नव्हे, शेजारच्या देशाचा कायदाही वेगळा. इथिओपियाने तर २०१८ मध्ये परदेशी लोकांना दत्तक देणं बंदच केलं.

पायरी १: निघण्याआधीची कागदं

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि प्रवासाच्या निदान १० दिवस आधी, कारण दाखला त्यानंतर लागू होतो. एकदा घेतली की जन्मभर पुरते. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती देत नाहीत, म्हणून तान्हं बाळ असेल तर प्रवासाची तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवा. हे पिवळं कार्ड पासपोर्टला रबरबँड लावून ठेवा. जाताना ते दाखवावं लागतंच. येताना मुंबईच्या विमानतळावर नसेल, तर सहा दिवस विलगीकरणात काढायची तयारी ठेवा.

मिशनरी आणि स्वयंसेवकांना युगांडात 'जी' वर्गाचा परवाना मिळतो. बायकोमुलांना त्यावर आश्रितांचा पास काढावा लागतो. पर्यटक व्हिसावर जाऊन 'पुढचं प्रभू बघेल' म्हणणारे मी पाहिले आहेत. प्रभू बघतो, पण इमिग्रेशनचा अधिकारीही बघतो.

तिकडे असताना मूल झालं तर वर्षाच्या आत कंपालातल्या भारतीय उच्चायुक्तालयात जन्माची नोंद करा, म्हणजे नागरिकत्वाचा प्रश्न उरत नाही. बाळंतपणाच्या गडबडीत हे राहून जातं, आणि वर्ष कसं सरतं ते कळत नाही.

पायरी २: ताप आला तर थांबायचं नाही

युगांडातला मलेरिया बहुतांशी फाल्सिपारम या सगळ्यात घातक जातीचा. आपल्याकडे 'उद्या बघू, आज क्रोसिन देऊ' चालून जातं. तिकडे पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत एक रात्रही महाग पडू शकते. ताप आला की त्याच दिवशी बोटातलं रक्त काढून तपासणी. जवळच्या दवाखान्यात झटपट चाचणीची पट्टी असते, औषधाचा पूर्ण कोर्स मिळतो. दुसऱ्या दिवशी मूल हसायला लागलं म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवायच्या नाहीत. प्रतिबंधक गोळ्या कुठल्या, हे मुलाच्या वयावर आणि वजनावर ठरतं, डॉक्सीसायक्लिन आठ वर्षांखालच्यांना सहसा देत नाहीत. मच्छरदाणी मात्र प्रत्येकाला आणि रोज, पाहुण्यांनासुद्धा.

एक गोष्ट सांगताना मला बरं वाटतं. युगांडाने एप्रिल २०२५ पासून लहान बाळांना मलेरियाची लस द्यायला सुरुवात केली, आणि ती आर-२१ लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. सहाव्या महिन्यापासून चार डोस. तुमच्या बाळाला लागू आहे का, हे तिथल्या आरोग्य केंद्रात विचारा.

रजेवर घरी आल्यावर कुणाला ताप आला, तर इथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात 'आफ्रिकेतून आलोय' असं सांगा. नाहीतर डेंग्यू, व्हायरल करण्यात दोन दिवस जातात.

दोरीवर वाळलेला प्रत्येक कपडा इस्त्री करा, बाळाचे लंगोट तर शिवणीपर्यंत. ओलसर कपड्यांवर मँगो फ्लाय नावाची माशी अंडी घालते आणि अळी कातडीत शिरून गळू होतं. माझ्या धाकट्याच्या पाठीवर तीन झाले होते. ते पिळताना शेजारीण हसत होती, मी रडत होते.

पायरी ३: शेजार

ताटाची काळजी करू नका. मातोके म्हणजे केळीच्या पानात बांधून वाफवलेली हिरवी केळी. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. आणि बिन्येब्वा तोंडात घातल्यावर माझा नवरा म्हणाला, "अगं, ही तर एकादशीची दाण्याची आमटी!" आमच्या ख्रिस्ती घरात एकादशी नव्हती, पण शेजारच्या काकूंची आमटी होती. चपाती तर तिकडे टपरीटपरीवर मिळते. तिच्यात ऑम्लेट गुंडाळलं की ते 'रोलेक्स'.

काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. तुम्ही गोरे नाही, तरी रस्त्यावरची मुलं तुम्हाला 'मुयिंडी' म्हणून हाक मारतील, म्हणजे भारतीय. या शब्दामागे इतिहास आहे. दुकानं, गिरण्या, साखरेचे कारखाने भारतीयांचे, नोकर आफ्रिकन. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देशाबाहेर काढलं, पुढे बरेच परत आले. लोक तुमच्याकडे आधी शेठ म्हणूनच बघतील. तुमची मुलं कामवाल्या बाईशी कशी बोलतात, हे सगळी आळी ऐकत असते. आमच्या थोरल्याने एकदा तिला नावाने हाक मारून पाणी मागितलं. त्या दिवसापासून ती घरात 'आन्टी' झाली आणि पाणी ज्याने त्याने आपलं घ्यायचं, असं ठरलं.

लुगांडा शिका. इंग्रजीवर भागतं, म्हणूनच मिशनऱ्यांची अर्धी कुटुंबं कधीच शिकत नाहीत. बाजारात घाईनं 'किती?' विचारायचं नाही. आधी ख्यालीखुशाली, मग टोमॅटो. बागांडा, म्हणजे लुगांडा बोलणारे तिथले लोक, त्यांच्या घरांतल्या मुली मोठ्यांपुढे गुडघे टेकून नमस्कार करतात. ते पाहून आपल्या शहरी मनाला कसंतरी होतं. त्यावर मत द्यायची घाई करू नका, आपल्याकडेही वाकून पाया पडतातच.

पायरी ४: शाळा

इथे मी थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकाचा खिसा वेगळा. वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, तीन सत्रं, प्राथमिक सातवीपर्यंत आणि सातवीच्या शेवटी पीएलईची सरकारी परीक्षा. परत भारतात यायचं असेल तर तुमचा मुलगा नेहमी अर्धं वर्ष पुढे किंवा मागे असणार, हे धरून चाला.

वसतिगृहाचा मात्र मोह पडतो. तिकडे लहान मुलांनाही वसतिगृहात ठेवण्याची पद्धत आहे आणि मिशनऱ्यांची ती जुनी सवय. केनियात किजाबेला मिशनऱ्यांच्या मुलांची निवासी शाळा १९०६ पासून आहे. माझं मत विचाराल तर बारा वर्षांच्या आत मूल दूर ठेवू नका. आफ्रिकेतला नावाजलेला मिशनरी, खुद्द डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८५२ मध्ये बायको आणि मुलं विलायतेला पाठवून दिली आणि स्वतः आफ्रिका पालथी घातली. थोरला रॉबर्ट पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात कैदेत मेला. सेवेच्या गोष्टीत हे पान आपण भरभर उलटतो.

आणखी एक. मुलांचे फोटो देणगीदारांच्या पत्रात घालताना हात आखडता घ्या. आपलीही आणि तिथलीही. आमच्या पहिल्या पत्रात मी शेजारच्या उघड्या अंगाच्या पोराचा फोटो टाकला होता. त्याच्या आईने तो पाहिला आणि म्हणाली, "थांबायचं होतंस, मी त्याला आंघोळ घातली असती."

पायरी ५: मूल दारात आलं तर

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही शोधायला गेला नाहीत तरी मूल येईल. पाळक घेऊन येतील, पोलीस घेऊन येतील, कुणी चर्चच्या पायरीवर ठेवून जाईल. तेव्हा पहिला फोन कुणाला करायचा, हे आधीच ठरवून ठेवा. गावचा एलसी वन चेअरमन, म्हणजे सगळ्यात खालच्या स्थानिक परिषदेचा प्रमुख. मग पोलीस ठाण्यात नोंद. मग जिल्ह्याचा प्रोबेशन आणि समाजकल्याण अधिकारी. या तिघांच्या कागदाशिवाय मूल एक रात्रही 'तुमच्याकडे राहिलं' असं होता कामा नये, निदान नोंद तरी हवी.

दवाखान्यातही पहिल्या आठवड्यात जा. एचआयव्हीची तपासणी होतेच. पण दीड वर्षाखालच्या बाळात आईच्या प्रतिपिंडांमुळे साधी चाचणी फसवी ठरते, पीसीआर लागते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचीही तपासणी मागा. नंदुरबार-गडचिरोलीत काम केलेल्यांना हा आजार माहीत असेल, युगांडातही तो पुष्कळ आहे.

आणि मग त्याची माणसं शोधा.

हे वाक्य मी एकटं लिहिलं, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात. अनाथालयातलं मूल म्हणजे अनाथ, असं आपण धरून चालतो. पण सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने २००९ च्या अहवालात म्हटलं होतं की जगभरच्या अशा संस्थांतल्या पाचपैकी निदान चार मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. मूल तिथे येतं ते फी भरता येत नाही म्हणून, आई आजारी म्हणून, बापाने दुसरं लग्न केलं म्हणून.

आमच्याकडे आधी एक मुलगा आला, साधारण दोन वर्षांचा. बाजारात सापडलेला. सात महिने तो आमच्याकडे होता. मला 'आई' म्हणायला लागला, मराठीत. माझ्या मनाने त्याचं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं. समाजकल्याण अधिकारी बाई मात्र चिवट. रेडिओवर निवेदन दिलं, वर्तमानपत्रात फोटो दिला, दर महिन्याला त्या बाजारात जाऊन विचारत राहिल्या. सातव्या महिन्यात आजी सापडली. तिकडे आजीला 'जाज्जा' म्हणतात. पाठीत वाकलेली, अनवाणी, बरोबर एक कोंबडी घेऊन आलेली. मुलगा तिला पाहून क्षणभर थबकला आणि मग तिच्या गोमेसीत, म्हणजे तिकडच्या पायघोळ पोशाखात, तोंड खुपसून उभा राहिला.

मी त्या रात्री देवाशी भांडले. आता वाटतं, माझं भांडण देवाशी नव्हतंच. मला ते मूल वाचवायचं होतं, आणि ते आधीच कुणाचं तरी होतं. नंतर आम्ही त्या आजीच्या घराचे पत्रे बदलून दिले आणि मुलाची फी भरली. दत्तकाच्या खर्चाच्या मानाने ते काहीच नव्हतं.

अनाथालयाकडून मूल पाहायला बोलावणं आलं, तर शांतपणे तीन गोष्टी विचारा. हे मूल इथे कसं आलं? शोध कुणी घेतला, आणि त्याचे कागद कुठे आहेत? तुम्ही माझ्याकडून देणगी मागणार आहात का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर उठा. कोर्टाची फी आणि वकिलाचं मानधन, यापलीकडे मुलाच्या नावाने पैसा द्यायचा नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने दत्तकाच्या भ्रष्ट साखळीत सामील असल्याच्या कारणावरून युगांडाच्या दोन न्यायाधीशांवर निर्बंध घातले. खेड्यातल्या आईबापांना 'शिकायला नेतो' असं सांगून मुलं आणली जात होती. त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला प्रार्थना करणारी, भली कुटुंबंच बसलेली होती.

पायरी ६: कोर्ट

शोध घेऊनही कुणी मिळालं नाही, किंवा मिळालेल्यांनी समजून-उमजून संमती दिली, युगांडातलं कुणी घर पुढे आलं नाही, तरच तुमचा नंबर. कायदाच म्हणतो की परदेशी दत्तक हा शेवटचा पर्याय.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर परदेशी माणसासाठी नियम असे आहेत: युगांडात निदान एक वर्ष वास्तव्य, त्या मुलाचा निदान एक वर्ष सांभाळ आणि तोही समाजकल्याण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, पोलिसांत गुन्ह्याची नोंद नसणं, आणि आपल्या देशाकडून दोन गोष्टींचा कागद, एक की तुम्ही पालक व्हायला योग्य आहात, दुसरा की कोर्टाचा हुकूम तुमच्या देशात मानला जाईल. अर्जदाराचं वय निदान २५ आणि मुलापेक्षा निदान २१ वर्षं जास्त. मूल १४ वर्षांचं असेल तर त्याचीही संमती. अर्ज हायकोर्टातच.

जुने मिशनरी तुम्हाला सांगतील, "अरे, पालकत्वाचा हुकूम घ्या आणि दोन महिन्यांत मूल घेऊन निघा." ती वाट २०१६ मध्ये बंद झाली, कायदेशीर पालकत्व आता फक्त युगांडाच्या नागरिकांना मिळतं. आजही कुणी वकील ती सुचवत असेल, तर वकील बदला.

आमची मुलगी आली तेव्हा चार महिन्यांची होती. कोर्टाच्या हुकुमापर्यंत तिला दात आले, पाय आले, शब्द आले. अधिकारी बाई न सांगता यायच्या आणि फ्रिज उघडून बघायच्या. राग यायचा. पण मुलगा परत पाठवला होता त्यांनीच, त्यामुळे त्यांच्या 'हो'ला किंमत होती. आमची फाइल एका कचेरीत चार महिने नुसती पडून राहिली, तेव्हा मात्र मी रोज जाऊन बाकावर बसायचे. हाही तिकडचा एक मार्ग आहे.

पायरी ७: भारताची बाजू

कोर्टाचा हुकूम म्हणजे काम संपलं, असं नाही. भारतीय नागरिकाने परदेशात दत्तक घेतलं तर तिथली प्रक्रिया तिथल्या कायद्याने पूर्ण करायची. मुलाचा पासपोर्ट युगांडाचा असतो. त्यावर भारतात यायला व्हिसा लागतो, तो भारतीय उच्चायुक्तालय सगळे कागद तपासून देतं, आणि गृहमंत्रालयाच्या परदेशी विभागाची परवानगीही त्यांच्यामार्फतच घ्यावी लागते. भारतीय नागरिकत्व आपोआप चिकटत नाही, त्याचा अर्ज वेगळा. वर्षभराचा सांभाळ सुरू होतानाच 'कारा'शी, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या भारताच्या केंद्रीय संस्थेशी, पत्रव्यवहार सुरू करा, शेवटी नको.

आपल्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना दत्तक म्हणजे कायद्याने अर्धवट गोष्ट वाटते, त्याला कारण आहे. १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी होता. ख्रिस्ती माणूस १८९० च्या कायद्याखाली नुसता पालक व्हायचा, बाप नव्हे. बाल न्याय कायद्याने ते बदललं. आजीआजोबांना हे आधीच समजावून सांगा, म्हणजे 'वारस धरायचा का' ही कुजबुज जेवणाच्या पंगतीत होत नाही.

पायरी ८: नाव, केस आणि नातेवाईक

नाशिकजवळ शरणपूरला एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं वाढवली. शिकवली, सुतारकाम-लोहारकाम दिलं, बाप्तिस्मा दिला आणि वेनराइट, जोन्स, वेलिंग्टन अशी इंग्रजी आडनावं दिली. त्यातलाच जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा दिला. नंतर यांतल्या पुष्कळांना मोंबासाजवळ फ्रीअरटाउनला वसवलं. तिथे लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणायचे. जन्मले ते आफ्रिकेत, पण आफ्रिकेतच ते मुंबईचे ठरले. त्यांना वाढवणारी माणसं वाईट नव्हती. पण नाव गेलं की परतीची वाट जाते.

म्हणून मुलीचं लुगांडा नाव आम्ही तसंच ठेवलं, मराठी नाव मागे जोडलं. बागांडा लोकांत नावावरून कूळ कळतं, आणि प्रत्येक कुळाचं एक देवक असतं, जसं आपल्याकडे. कुणाचं सिंह, कुणाचं माकड, कुणाचा मासा. आपलं देवक खायचं नाही, आपल्या कुळात लग्न करायचं नाही. मुलीची आई गेली होती, पण गावकऱ्यांकडून कूळ कळलं, आणि त्या कुळातली एक म्हातारी आजी दूरच्या नात्याने सापडली. मुलीला वयात येताना चार गोष्टी सांगायचा मान तिकडे 'सेंगा'चा, म्हणजे आत्याचा. आम्ही त्या कुळातल्याच एका बाईंना विचारलं. त्यांनी आधी नवऱ्याची उलटतपासणी घेतली, मग होकार दिला.

केस ही वेगळी विद्या आहे. खोबरेल चोपडून कंगवा फिरवायला गेलात तर मूल किंचाळेल आणि कंगवा मोडेल. ओले असताना, बोटांनी, टोकाकडून मुळाकडे. वेण्या घालायला शेजारणीकडून शिका, रविवारची दुपार जाते. पुष्कळ शाळांत मुलींचेही केस बारीक कापायचा नियम आहे, तेव्हा हिरमुसू नका.

आणि मग रजा. अहिल्यानगरच्या बसस्टँडवर एका बाईने विचारल्याशिवाय माझ्या मुलीच्या केसांत हात घातला. लग्नात एक नातलग म्हणाले, "दोन मुलगे असताना हे कशाला?" आणि दुसऱ्या, प्रेमाने, "पण बाई, रंग जरा उजळेल ना?" गोऱ्या रंगाची ही आपली हौस चर्चच्या आतही तितकीच आहे, हे मला मुलीमुळे दिसलं. आम्ही आता आधीच फोन करून सांगतो की तिच्यासमोर रंगावर बोलायचं नाही, केसांना हात लावायचा नाही. दोन घरांनी बोलावणं बंद केलं. मुलगे तिच्या बाजूने भांडतात, पण त्यांनाही थकवा येतो. म्हणून दर रजेत एक दिवस त्या दोघांना घेऊन मी वेगळी बाहेर जाते आणि त्यांची तक्रार ऐकते. थोरला एकदा म्हणाला, "आई, सगळे तिला बघतात, आम्हाला कुणीच नाही." बरोबर होतं त्याचं.

मुलीला तिची गोष्ट लहानपणापासून खरी सांगा. 'तुझी आई देवाघरी गेली आणि देवाने आम्हाला तुला दिलं' हे ऐकायला गोड आहे, पण मुलं हिशोब पक्का करतात. मग देवाने तिची आई का घेतली, हा प्रश्न तिने सहाव्या वर्षी विचारला. आम्हाला उत्तर आलं नाही, आणि नाही आलं असंच आम्ही सांगितलं.

कपाटातली फाइल

एका जाड फाइलमध्ये हे ठेवा: पोलीस नोंद, एलसी वनचं पत्र, रेडिओच्या निवेदनाची पावती, वर्तमानपत्राचं कात्रण, अधिकाऱ्यांचे अहवाल, कोर्टाचा हुकूम, दोन्ही देशांचे कागद. प्रत्येकाच्या तीन नकला, एक भावाकडे. आणि पहिल्या पानावर मुलीच्या कुळातल्या त्या जाज्जाचा फोन नंबर. तिच्याकडे सहसा बोलण्यापुरते पैसे नसतात, ती नुसती 'बीप' देते, आपल्या मिस्ड कॉलसारखी. महिन्याच्या सुरुवातीला तिच्या नंबरावर एअरटाइम टाका आणि रविवारी उपासनेनंतर फोन मुलीच्या हातात द्या. पहिली पाच मिनिटं दोघी नुसती ख्यालीखुशाली विचारतात.